खेड्यातून शहरात राहायला जाताना: पायी जगता येईल अशी वस्ती कशी ओळखावी?

पांदण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या एका खेड्यात आमचे घर आणि शेती आहे. पुढच्या वर्षी मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून सेवानिवृत्त होत आहे आणि हाती येणाऱ्या रकमेतून अमरावती शहरात राहते घर घ्यावे, असा घरच्यांचा आग्रह आहे. आईने ऐंशी ओलांडली असून तिच्या गुडघ्यांचे उपचार शहरातच चालतात. मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सध्या वसतिगृहात राहते. शेती धाकट्या भावासोबत सामाईक असल्यामुळे पेरणीपासून कापसाच्या शेवटच्या वेच्यापर्यंत मला गावाकडे जा-ये करावीच लागणार आहे.

माझी खरी अडचण घराच्या आत नसून घराच्या बाहेर आहे. मला चारचाकी चालवता येत नाही, ती शिकण्याची हौसही नाही, आणि अंधार पडल्यावर दुचाकी चालवण्याइतकी नजर आता भरवशाची राहिलेली नाही. गावात चक्की, किराणा, शाळा, देऊळ, ग्रामपंचायत हे सारे पायीच होते. आई आजही काठी टेकत चार घरे सोडून तिच्या मैत्रिणीच्या ओसरीवर जाऊन बसते. शहरात गेल्यावर तिचे आणि माझे हे चालणे बंद पडावे आणि प्रत्येक कामासाठी मुलीला ‘गाडी काढ’ म्हणावे लागावे, अशी वस्ती मला नको आहे.

दलालाने तीन गोष्टी दाखवल्या आहेत. पहिली म्हणजे रहाटगावच्या बाजूला नव्या ले-आउटमधील प्लॉट, दुसरी राजापेठ भागातील दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि तिसरी अंबापेठेच्या बाजूचे जुने पण स्वतंत्र घर. प्लॉट अर्थातच सर्वांत स्वस्त आहे, आणि दलालाच्या म्हणण्याप्रमाणे तेथून ‘सगळे काही पाच मिनिटांवर’ आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सातबारा

गुरुजी, दलालाची पाच मिनिटे ही नेहमी मोटारसायकलची असतात, आणि तीही दुपारी तीन वाजता रस्ता मोकळा असतानाची. पायी पाच मिनिटे म्हणजे साधारण चारशे मीटर, पंधरा मिनिटे म्हणजे सव्वा किलोमीटरच्या आत, आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या व्यक्तीसाठी हेच अंतर निम्म्यावर येते. म्हणून अंतर मिनिटांत विचारू नका, मीटरमध्ये विचारा, आणि कोणाच्या पावलांनी मोजले आहे तेही विचारा.

नगररचनेत हा विचार नवा नाही. अमेरिकेतील क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या ‘शेजार-घटका’च्या आराखड्यात शाळा मधोमध होती, वस्तीचा पल्ला पाव मैलाचा होता आणि मोठे वाहते रस्ते वस्तीच्या कडेने काढलेले होते, जेणेकरून मुलांना तो रस्ता ओलांडावा लागू नये. चंडीगडचे सेक्टर ८०० मीटर बाय १,२०० मीटर आखले गेले त्यामागेही रोजच्या गरजा पायी भागाव्यात हाच हिशेब होता. आपल्याकडे शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर धरलेले आहे, हे आपण शिक्षक असल्यामुळे आपणांस ठाऊकच असेल. शाळेला लावलेला हा नियम घर घेताना दवाखाना, भाजी आणि एस.टी. यांनाही लावून पाहावा.

मात्र अंतर हा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग पायाखाली असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांविषयीच्या मार्गदर्शिकेनुसार चालण्यासाठी अडथळामुक्त किमान १.८ मीटर रुंदी हवी आणि पदपथाची उंची दीडशे मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. आपल्या शहरांत हा नियम जेथे पाळला गेला आहे असे चौक शोधायला निघालात तर घर घेणे राहून जाईल, हे मान्य आहे. तरीही इतके तरी पाहता येते की नालीवरच्या फरशा जागच्या जागी आहेत का, डांबराच्या कडेला पाऊल ठेवण्याएवढी पक्की पट्टी आहे का, आणि त्या पट्टीवर विजेचे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), वाळूचा ढीग व उभ्या गाड्या यांच्यानंतर माणसासाठी किती जागा उरते.

निंबाची सावली

गुरुजी, मी यवतमाळला राहते. आम्ही सहा-सात वर्षांपूर्वी चौपदरी रस्त्याच्या पलीकडच्या ले-आउटमध्ये घर बांधले, म्हणून आपल्या पहिल्या पर्यायाविषयीच लिहिते.

घर उत्तम आहे, हवा-उजेड भरपूर आहे, समोर तुळशीसाठी आणि मागे भेंडी-वांग्यांसाठी जागा आहे. पण घर आणि गाव यांच्यामध्ये राष्ट्रीय महामार्ग आहे. किराणा आणि मेडिकलची दुकाने आमच्या फाटकातून डोळ्यांना दिसतात, इतकी ती जवळ आहेत, आणि तरीही तेथे पायी जाता येत नाही. दुभाजकाला जो ‘कट’ आहे तो बराच लांब आहे, आणि मधल्या ठिकाणी लोकांनी दुभाजकाच्या जाळीचा एक तुकडा वाकवून वाट केली आहे. त्या वाटेने साडी सावरत, दोन्ही बाजूंच्या ट्रककडे पाहत रस्ता ओलांडणाऱ्या बायका मी रोज पाहते. माझ्या सासूबाई पहिल्या वर्षी एकदा तशा गेल्या आणि परत आल्यावर त्यांनी देवळात जाणेच सोडून दिले.

दुसरी गोष्ट काळ्या मातीची. ले-आउट उन्हाळ्यात दाखवले जाते, तेव्हा मुरूम टाकलेला रस्ता टणक आणि गुळगुळीत असतो. मृगाच्या पहिल्या दोन पावसांनंतर मुरूम खाली बसतो आणि काळी माती वर येते. मग चप्पल पायात राहत नाही, सायकलचे चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखलाचा गोळा अडकून चाक फिरायचे थांबते, आणि मुलांना शाळेचे बूट हातात घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत सोडावे लागते. ज्यांच्याकडून प्लॉट घेतला त्यांनी ‘पुढच्या वर्षी सिमेंट रोड’ असे तोंडी सांगितले होते. सगळे प्लॉट विकले गेल्यावर त्यांचे कार्यालयच तेथून हलले, आणि नगरपालिकेचे म्हणणे असे की अंतर्गत रस्ते रीतसर हस्तांतरित झाल्याशिवाय त्यांच्यावर खर्च करता येत नाही.

तेव्हा प्लॉट पाहायचाच असेल तर जुलैत पाहा, आणि रस्त्यात गाडी न नेता पहा.

हिशेबनीस

ताईंचा अनुभव पटतो, पण या चर्चेत पैशांचा विषय अजून कोणी काढला नाही, म्हणून थोडी विरुद्ध बाजू मांडतो.

समजा, बाहेरच्या ले-आउटमध्ये राहून रोज पंधरा किलोमीटर दुचाकी चालवावी लागली, गाडी लिटरला पंचेचाळीस किलोमीटर देते आणि पेट्रोल एकशे पाच रुपयांच्या आसपास आहे, तर दिवसाला पस्तीस रुपये आणि महिन्याला हजाराच्या थोडे वर खर्च येतो. याउलट शहराच्या मध्यभागी घर घेण्यासाठी दहा लाख रुपये जास्तीचे कर्ज काढले, तर साडेआठ टक्के दराने वीस वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे ८,६८० रुपये पडतो. म्हणजे पेट्रोल वाचेल म्हणून महाग वस्तीत घर घ्या, हा सल्ला गणितात बसत नाही. भाजीची हातगाडी आजकाल ले-आउटमध्येही येते, दूधवाला येतो, औषधेही फोनवर मागवता येतात.

गणित फक्त एका ठिकाणी उलटते, आणि ते म्हणजे चारचाकी. बाहेर राहिल्यामुळे सात लाखांची गाडी घ्यावी लागली, तर नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ताच साडेचौदा हजार होतो, त्यावर विमा, टायर, देखभाल वेगळी, आणि पाच वर्षांनी हाती उरते ती जुनी गाडी. घरासाठी भरलेल्या हप्त्यांनंतर निदान घर उरते. गुरुजींना चारचाकी चालवता येत नाही, म्हणजे त्यांना चालकही लागेल किंवा प्रत्येक वेळी ऑटो. म्हणून प्रश्न ‘पेट्रोल किती’ असा न विचारता ‘या घरामुळे एक गाडी वाढते की नाही’ असा विचारावा.

निंबाची सावली

हिशेबनीसभाऊ, आपल्या गणितात एक रकाना राहिला. आमच्याकडे गाडी एकच आहे, पण मुलाला शिकवणीला सोडणे, परत आणणे, सासूबाईंना दवाखान्यात नेणे, दळण आणणे, या सर्व फेऱ्यांचा चालक मीच आहे. कायद्याने सोळाव्या वर्षी फार तर पन्नास सीसीची बिनगिअरची गाडी चालवता येते, आणि पूर्ण परवाना अठराव्या वर्षी मिळतो. म्हणजे मूल पाच वर्षांचे असल्यापासून पुढची बारा-तेरा वर्षे घरातील कोणी तरी, आणि बहुतेक वेळा घरातील बाईच, ही चालकाची नोकरी बिनपगारी करते. हातगाडी दारात येते हे खरे, पण ती तिच्या वेळेला येते, आणि तिच्याकडे जे उरले असेल ते घ्यावे लागते.

हिशेबनीस

ताई, हा रकाना मान्य. त्याची किंमत मला लावता येणार नाही.

गुजरीकर

गुरुजी, मी अमरावतीत जुन्या परकोटाच्या लगत राहतो. निजामाच्या काळात पेंढाऱ्यांच्या भीतीने बांधलेला तो तट आज तुकड्या-तुकड्यांनी उरला आहे, पण त्याच्या आतली आणि आसपासची वस्ती ज्या काळात वसली त्या काळात माणसे पायीच चालत होती. त्यामुळे तिसऱ्या पर्यायाच्या भागात आपणांस हवे ते जवळपास सगळे सापडेल. अंबादेवीचे देऊळ, गांधी चौक, सराफा, कापड, औषधे, भाजी आणि थोडे पुढे राजकमल चौक हे सर्व पायी अंतरावर आहे. एस.टी.चे मध्यवर्ती स्थानक आणि रेल्वे स्थानक यांसाठी मात्र सामान असेल तर ऑटो करावा लागतो.

आमच्या गल्लीत संध्याकाळी साडेसातला काय दिसते ते सांगतो, म्हणजे कल्पना येईल. कोपऱ्यावर शिंप्याचे दुकान उघडे असते, त्याच्या शेजारी चक्की चालू असते आणि पिठाचा वास येत असतो, दोन ओट्यांवर बायका लसूण सोलत बसलेल्या असतात, आणि दवाखान्यातून येणारा एखादा म्हातारा मधल्या ओट्यावर टेकून दम घेतो. त्याला कोणी ‘येथे का बसलात’ असे विचारत नाही. आपल्या आईंसाठी हा मधला ओटा फार महत्त्वाचा आहे. गुडघे दुखणारी व्यक्ती तीनशे मीटर सलग चालू शकत नाही, पण शंभर-शंभर मीटरवर टेकायला मिळाले तर ती अर्धे गाव फिरून येते. नव्या वस्त्यांत प्रत्येक घराला उंच आवारभिंत आणि लोखंडी फाटक असते, ओटा नसतो. वाटेत बसायचे झाले तर कोणाच्या तरी फाटकाच्या उताराच्या फरशीवर बसावे लागते आणि आतून कुत्रे भुंकते.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण नंतर आपण मला बोल लावू नये. गल्ली अरुंद आहे. रुग्णवाहिका आमच्या दारापर्यंत येत नाही, तोंडाशी थांबते. सणांच्या दिवसांत, विशेषतः नवरात्रात, चालायला जागा राहत नाही आणि लाऊडस्पीकरचा त्रास होतो. नाल्या उघड्या आहेत. दुचाकीस्वार गल्लीला हमरस्ता समजून भोंगे वाजवत जातात आणि पायी चालणाऱ्याने भिंतीला चिकटायचे असते. शेतातून तुरीची दोन पोती आणून ठेवायची म्हटली तर जागा नाही. आणि जुन्या घराच्या पायऱ्या उंच असतात. आपल्या आईंना रस्ता जमेल पण उंबरठा जमणार नाही, असे होऊ शकते, म्हणून घरातील पायऱ्यांची उंचीही मोजून घ्यावी.

पांदण

सर्वांचे मनापासून आभार. गुजरीकरभाऊ, ओट्याचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता आणि आईला वाचून दाखवल्यावर तिने त्याच मुद्द्यावर मान हलवली. फ्लॅटविषयी अजून कोणी लिहिलेले नाही. तसेच एका नातेवाइकांचे म्हणणे आहे की घ्यायचेच तर थेट नागपूरला घ्यावे, तेथे मेट्रोही आहे. त्यावरही मत द्यावे.

फुटाळा ते बर्डी

गुरुजी, नागपुरात पायी जगता येणाऱ्या वस्त्या आहेत, पण त्यांना तसा भावही आहे. धरमपेठ घ्या. गोकुळपेठेचा बाजार, शाळा, वाचनालये, दवाखाने, सर्व काही पावलांच्या अंतरात आहे, झाडे मोठी आहेत आणि रस्ते चौकटीत आखलेले असल्यामुळे एक रस्ता बंद असला तरी दुसऱ्याने जाता येते. लक्ष्मीनगर, बजाजनगर हे भागही चालायला चांगले आहेत. जुन्या महाल-इतवारीचे गुणदोष साधारण गुजरीकरांनी लिहिले तसेच आहेत, फक्त गर्दी अमरावतीच्या कितीतरी पट.

मेट्रोचे म्हणाल तर ११ डिसेंबर २०२२ रोजी उरलेले टप्पे सुरू झाल्यापासून ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर अशा दोन मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना मिळतात. सोय उत्तम आहे. पण ‘मेट्रोपासून दीड किलोमीटर’ या जाहिरातीला भुलू नये. वर्धा रोड किंवा हिंगणा रोडच्या आतल्या बाजूला गेलात की स्थानकापासून घरापर्यंतचा शेवटचा किलोमीटर हा बिनसावलीचा आणि बिनपदपथाचा असू शकतो, आणि संध्याकाळी तेथे मोकाट कुत्र्यांची टोळी असते. मेट्रोने आल्यावर पुन्हा ऑटोच करायचा असेल तर ती वस्ती पायी जगण्याची नव्हे.

आणखी एक गोष्ट. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा, चालायला अगदी उत्तम असलेल्या वस्त्यांमधील तळमजल्यांत पाणी शिरले. म्हणून वस्ती आवडली तरी तळमजला घेण्याआधी त्या वर्षी पाणी कोठवर आले होते हे शेजाऱ्यांना विचारावे. भिंतीवरची खूण रंगाने झाकता येते, पण शेजाऱ्याची आठवण झाकता येत नाही. तसेच रस्त्यावर रस्ता चढवून सिमेंट रोड झालेले असतील, तर घराचे जोते आज रस्त्याच्या वर आहे की खाली, तेही पाहावे.

सातबारा

गुरुजींनी विचारलेल्या फ्लॅटविषयी. राजापेठ भागाला शहर बस, बडनेऱ्याकडे जाणारे ऑटो आणि बाजार यांची जवळीक आहे. आपणांस रेल्वेने धामणगावला जायचे तर मुंबई-हावडा मुख्य मार्गावरील बडनेरा स्थानक गाठावे लागेल आणि त्या दृष्टीने ही बाजू सोयीची आहे. मात्र दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर रस्ता कितीही चांगला असला तरी आपल्या आईंसाठी ती वस्ती पायी चालण्याजोगी उरत नाही. लिफ्ट असेल, तर वीज गेल्यावर ती चालते का, म्हणजे जनरेटर आहे का आणि त्याचा खर्च कोण उचलतो, हे सोसायटीच्या कागदांत पाहावे.

जुन्या घराविषयी एक इशारा देणे आवश्यक आहे. विदर्भातील जुन्या शहरी भागांत बरीच जमीन नझूलची आहे, म्हणजे शासनाने भाडेपट्ट्याने दिलेली आहे. घर जुने, शेजार चांगला, सर्व काही पायी, आणि भाडेपट्टा मात्र केव्हाच संपलेला, अशी उदाहरणे असतात. बँक कर्ज देताना तेथेच अडते. आखीव पत्रिकेची, म्हणजे जागेच्या मालकीची नोंद दाखवणाऱ्या सरकारी उताऱ्याची (प्रॉपर्टी कार्डची), ताजी नक्कल काढून धारणाधिकाराच्या रकान्यात, म्हणजे जागा कोणत्या हक्काने धारण केली आहे तेथे, काय लिहिले आहे ते वाचावे. पट्टा असेल तर तो नूतनीकृत आहे का आणि जमीन भोगवटादार वर्ग एकमध्ये, म्हणजे पूर्ण मालकी हक्कात, रूपांतरित करण्याची रक्कम विक्रेता भरणार की आपण, हे इसारपावतीच्या आधी लेखी ठरवावे. वारसांची नावे पत्रिकेवर लागलेली आहेत का आणि तळमजल्यावर जुना भाडेकरू आहे का, हेही तितकेच महत्त्वाचे.

नव्या ले-आउटचा विचार पूर्ण सोडला नसेल तर मंजूर नकाशा मागावा. राज्याच्या डिसेंबर २०२० च्या एकात्मिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार चार हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या अभिन्यासात, म्हणजे ले-आउटमध्ये, दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. ती जागा जमिनीवर कोठे आहे, तेथे बाग आहे की कोणी कुंपण घातले आहे, हे प्रत्यक्ष पाहावे. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या ले-आउटला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते आणि प्रवर्तकाने (ले-आउट पाडणाऱ्याने) कोणत्या सुविधा केव्हापर्यंत देण्याचे कबूल केले आहे, हे त्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. यवतमाळच्या ताईंना तोंडी मिळालेले आश्वासन तेथे लेखी असते तर काही दाद मागता आली असती.

वावरात मुक्काम

माझे मत जरा वेगळे आहे. अमरावतीच कशाला? धामणगाव रेल्वे हे गावच पायी फिरता येण्याएवढे आहे. रेल्वे स्थानक आहे, बाजार समिती आहे, महाविद्यालय आहे, आठवडी बाजार आहे. स्थानक ते बाजार असा फेरफटका आपण किती वेळा मारला असेल! घराच्या किमती अमरावतीच्या मानाने कमी आहेत, शेत जवळ राहते, आणि आईंना ओळखीची माणसे भेटतात. वय वाढल्यावर चालायला रस्ता लागतो तसे कोणाकडे तरी जायचे ठिकाणही लागते. आपल्या आई शहरात ओट्यावर बसतील, पण त्या ओट्यावर त्यांच्या ओळखीचे कोण असेल? उरला गुडघ्यांच्या डॉक्टरांचा प्रश्न, तर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा अमरावतीला जाता येते. पंचाहत्तरीच्या पुढच्या व्यक्तींना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे.

गुजरीकर

वावरातभाऊंचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नाही. फक्त एवढेच की ऐंशीच्या पुढे डॉक्टर महिन्यातून एकदाच लागेल, असे गृहीत धरता येत नाही. रात्री दीड वाजता लागणारा दवाखाना तालुक्याच्या ठिकाणी असतोच असे नाही. अमरावतीत इर्विन चौकातील जिल्हा सामान्य रुग्णालय आणि पंचवटी चौकाच्या बाजूचे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, आणि राजापेठ-राजकमल पट्ट्यात खासगी दवाखाने पुष्कळ आहेत.

बारमाही

एक मुद्दा राहिला, तो उन्हाचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असतो. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. पुण्या-मुंबईच्या हिशेबाने ‘एक किलोमीटर म्हणजे चालण्याजोगे अंतर’ हे आपल्याकडे वर्षातील तीन महिने लागू पडत नाही. त्या दिवसांत सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर जे होते तेच चालणे.

म्हणून रस्त्याची दिशा पाहावी. दक्षिणोत्तर गल्लीत सकाळी पूर्वेकडच्या घरांची आणि दुपारनंतर पश्चिमेकडच्या घरांची सावली रस्त्यावर पडते. पूर्व-पश्चिम रस्त्यावर उन्हाळ्यात सूर्य रस्त्याच्या रेषेतच फिरतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळही ऊन समोरून तोंडावर येते. जुन्या अरुंद गल्ल्या उन्हाळ्यात चालायला सुसह्य वाटतात त्याचे हेच कारण. झाडांमध्ये कडुनिंब आणि करंज यांना एप्रिलपर्यंत नवी पालवी येऊन भर उन्हाळ्यात दाट सावली मिळते. गुलमोहर दिसायला सुंदर, पण वादळात त्याच्या फांद्या आधी पडतात. वस्तीत झाडे आहेत का, यापेक्षा घरापासून दुकानापर्यंतच्या वाटेवर ती आहेत का, हे पाहावे. ले-आउटच्या बागेत लावलेली झाडे आपल्या डोक्यावर येत नाहीत.

आणि रात्री आठनंतर एक चक्कर अवश्य मारावी. दिवे लागतात का, दुकाने किती वाजेपर्यंत उघडी असतात, मुली एकट्या शिकवणीहून येताना दिसतात का. मुलगी नि:शंकपणे पायी घरी येऊ शकत नसेल, तर त्या वस्तीचे बाकीचे गुण सांगून उपयोग नाही.

पांदण

पुन्हा एकदा आभार. घरात चर्चा झाली, ती येथे नोंदवतो.

रहाटगावच्या बाजूचा प्लॉट यादीतून काढला आहे. प्लॉटच्या आणि बाजाराच्या मध्ये मोठा रस्ता आहे, आणि तो पायी ओलांडण्याची सोय कोठे आहे, हे विचारल्यावर दलालाने उत्तर न देता दुसऱ्या ले-आउटचा नकाशा पुढे केला. जुने घर आईला आवडले, पण आखीव पत्रिकेवर विक्रेत्याच्या दोन बहिणींची नावे असून त्या बाहेरगावी असतात. त्यांची संमती लेखी आल्याशिवाय इसार देणार नाही. राजापेठेच्या फ्लॅटला लिफ्ट आहे, जनरेटर नाही.

नागपूरचा विचार नाही, कारण शेताची जा-ये तेथून जमणार नाही. धामणगावचा मुद्दा मात्र मनात घर करून आहे, विशेषतः ओळखीच्या माणसांचा. मुलगी म्हणते की तिचे शिक्षण अजून दोन-तीन वर्षे अमरावतीत आहे, तेवढा काळ येथे भाड्याने राहावे आणि मगच विकतचा निर्णय घ्यावा. त्यानुसार अंबापेठेच्याच भागात तळमजल्यावर भाड्याने घर पाहतो आहे. मार्चमध्ये राहायला गेलो तर मे महिन्याचे ऊन आणि जुलैचा पाऊस दोन्ही तेथेच पाहायला मिळतील. शेतीच्या हंगामात मी गावी असताना आई आणि मुलगी दोघींनाच सर्व कामे पायी उरकता येतात का, हेही कळेल. आईचे रेशनकार्ड गावचे आहे, त्याचे काय करावे लागेल?

सातबारा

उत्तम. भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणी आवश्यक आहे आणि ती करून देण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. रेशनकार्ड लगेच बदलण्याची गरज नाही. आधार जोडलेले असेल तर राज्यातील कोणत्याही रास्त भाव दुकानातून अंगठा लावून धान्य मिळते. जाण्याआधी गावच्या दुकानात आईंचे आधार जोडलेले आहे आणि अंगठा उमटतो आहे, एवढी खात्री करून घ्या. या वयात बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि तेथेच अडचण येते.